घर, मूल आणि अभ्यास : महाराष्ट्रातील गृहिणींच्या शिक्षणाचा इतिहास

लहान मुले सांभाळत घरीच नवे काही शिकणारी आई म्हटली की आज मोबाइल किंवा संगणक डोळ्यांसमोर येतो. महाराष्ट्रात मात्र या शिकण्याला पावणेदोनशे वर्षांची परंपरा आहे. या काळात पाटी मागे पडली, टपालाने येणारी पुस्तके आली, टंकलेखन यंत्र आले आणि गेले, आणि शेवटी आंतरजाल घरात पोहोचले. साधने बदलली तरी घरकामातून वेळ काढणे, तेवढा वेळ मूल सांभाळणारे कोणी मिळणे आणि घरच्यांची संमती असणे या अटी प्रत्येक पिढीतील स्त्रीपुढे होत्या. ज्यांनी शिक्षणाचे वेळापत्रक घराच्या दिनक्रमाशी जुळवून घेतले, त्यांच्यापर्यंत गृहिणी पोहोचल्या. ती जुळवणी कोणी, केव्हा आणि कशी केली, हे पाहिले की या परंपरेचे टप्पे स्पष्ट होतात.

घरातली शाळा

एकोणिसाव्या शतकात विवाहित स्त्रीच्या शिक्षणाची सुरुवात बहुधा घरातच होई, आणि शिकवणारा बहुतेक वेळा नवरा असे. सावित्रीबाई फुले यांना अक्षरओळख जोतीरावांनी करून दिली. त्यानंतर अहमदनगर आणि पुणे येथे त्यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले, आणि १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. १८५५ मध्ये फुले दाम्पत्याने शेतकरी आणि मजूर स्त्री-पुरुषांसाठी रात्रशाळा काढली. दिवसभर राबणाऱ्या माणसाला शिकायला रात्रच मोकळी असते, हे ओळखून शाळेची वेळ ठरवण्याचा महाराष्ट्रातील हा आरंभीचा प्रयत्न होता.

रमाबाई रानडे यांचे लग्न १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना घरी शिकवायला घेतले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना ते पसंत नव्हते. नवऱ्याची इच्छा आणि घरातल्या बायकांचा रोष या दोहोंच्या मधे अभ्यास कसा करावा लागला, याचे तपशीलवार चित्र त्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या पुस्तकात आहे. काशीबाई कानिटकर याही लग्नानंतर शिकल्या आणि पुढे मराठीतील आरंभीच्या महत्त्वाच्या स्त्री-कादंबरीकार ठरल्या. लक्ष्मीबाई टिळक यांनाही लिहिणे-वाचणे आले ते लग्नानंतरच, आणि तेही संसाराच्या धबडग्यात. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला.

या पिढीचे शिक्षण मुख्यतः नवऱ्याच्या पुढाकारावर अवलंबून होते. त्याने मनावर घेतले तरच पाटी हाती येई. नवरा वारला की शिक्षणाचा हा एकमेव दरवाजाही बंद होई. म्हणून घराबाहेरच्या आरंभीच्या संस्था विधवांसाठी निघाल्या. पंडिता रमाबाई यांना १८८२ मध्ये वैधव्य आले तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा तान्ही होती. तिला घेऊन त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तेथून १८८६ मध्ये अमेरिकेला पोहोचल्या आणि तेथे फ्रबेलची बालोद्यान शिक्षणपद्धती शिकल्या. परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलले. १८९६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला, आणि १९०० मध्ये तो हिंगण्याला गेला. तेथे शिकून कार्यकर्त्या झालेल्या पार्वतीबाई आठवले या एका मुलाची आई होत्या. आश्रमासाठी निधी जमवायला आणि इंग्रजी शिकायला त्या १९१८ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि तेथे घरकाम करून त्यांनी उदरनिर्वाह केला.

दुपारचे वर्ग

नांदत्या घरातल्या स्त्रीसाठी आश्रम हा उपाय नव्हता. तिला संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या आत घरी परतायचे असे. या गरजेला पुण्याच्या सेवासदनाने उत्तर दिले. बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन स्थापन केले होते. १९०९ मध्ये पुण्याचे सेवासदन रमाबाई रानडे यांच्या वाड्यातच सुरू झाले. गोपाळ कृष्ण देवधर त्याचे प्रमुख संघटक होते. सकाळचा स्वयंपाक आणि जेवणे आटोपल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ ही गृहिणीच्या दिवसातली एकमेव सैल जागा, आणि प्रौढ स्त्रियांचे वर्ग त्याच वेळात भरत. लेखन-वाचन, हिशेब, शिवण, प्रथमोपचार असे विषय शिकवले जात. ज्यांना पुढे जायचे असे त्या व्हर्नाक्युलर फायनलची, म्हणजे मराठी सातवीची, परीक्षा देऊन शिक्षिका होत किंवा परिचारिकेचे शिक्षण घेत. ‘फायनल झालेली’ बाई म्हणजे पगार मिळवू शकणारी बाई, अशी ओळख पुढची कित्येक दशके टिकली.

१९१६ मध्ये कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. त्याची शिक्षणाची भाषा मातृभाषा होती, आणि गृहजीवनाशी संबंधित विषयांना अभ्यासक्रमात स्थान होते. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांच्या १५ लाख रुपयांच्या देणगीनंतर ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. घर आणि मुले सांभाळणारी बाई इंग्रजीच्या अडसराशिवाय पदवीपर्यंत जाऊ शकते, ही शक्यता या विद्यापीठाने खुली केली.

छापील मजकुरानेही घरात शिकवण्याचे मोठे काम केले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हे पुस्तक १९१० मध्ये आले. किर्लोस्करवाडीहून १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक निघू लागले, आणि आरोग्य, बालसंगोपन, कायदा, नोकरी या विषयांवरचे लेखन खेड्यापाड्यांतल्या घरांत पोहोचले. नंतर आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरील ‘वनिता मंडळ’ आणि दूरदर्शनवरील ‘सुंदर माझे घर’ या कार्यक्रमांनी तेच काम ध्वनी आणि चित्र यांच्या साहाय्याने पुढे नेले. रेडिओचा एक विशेष असा की तो ऐकताना हात कामात असले तरी चालत.

मूल कोण सांभाळणार?

दुपारच्या वर्गाला जाणाऱ्या बाईच्या मागे घरात सासू, जाऊ किंवा नणंद असे. एकत्र कुटुंबाचा तो आधार नसलेल्या आणि स्वतः मजुरी करणाऱ्या बाईसाठी दुपार मोकळी नव्हतीच. तिच्या मुलांचा विचार ताराबाई मोडक यांनी केला. १९२६ मध्ये गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. १९४५ पासून सध्याच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण बालवाडीचे प्रयोग सुरू केले. वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, हे पाहून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडीचा उगम या प्रयोगात आहे.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडला गेले. तेथे ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी ‘विकासवाडी’ उभी केली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा तिन्ही एकाच आवारात होती. धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहणारी मोठी बहीण त्याला कडेवर घेऊन यायची, ते पाळणाघरात राहायचे आणि ती वर्गात बसायची. शिकणाऱ्यावर मुलाची जबाबदारी असेल तर मुलाची सोय हा शिक्षणाचाच भाग मानला पाहिजे, हे तत्त्व महाराष्ट्रात येथे प्रत्यक्षात उतरले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी हे नाव घेतले. मात्र अंगणवाडीत भर राहिला तो पोषण, लसीकरण आणि शाळापूर्व शिक्षणावर. आई कामाला किंवा वर्गाला गेल्यावर मूल दिवसभर सांभाळण्याची व्यवस्था तिच्यातून सर्वत्र उभी राहिली नाही.

घरात बसून करता येईल असे काम शोधण्याचे प्रयत्नही याच काळात झाले. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड उभे राहिले. केंद्रावर भिजवलेले पीठ घरी न्यायचे, सवडीने पापड लाटून वाळवायचे आणि दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे, अशी कामाची रीत होती. काम घराच्या दिनक्रमात बसवल्यामुळे मुले असलेल्या हजारो बायकांना ते करता आले.

सतरा नंबरचा फॉर्म आणि टपालाची पुस्तके

स्वातंत्र्यानंतर अर्धवट सुटलेले शिक्षण पूर्ण करण्याच्या वाटा वाढल्या. केंद्रीय समाजकल्याण मंडळाने १९५८ पासून प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त शिक्षणक्रम सुरू केले. शाळेत बरीच वर्षे घालवावी लागणारा अभ्यास त्यात थोड्या काळात करून परीक्षेला बसता येई. साताऱ्यात १९५९ मध्ये सुरू होऊन राज्यभर पसरलेल्या ग्रामशिक्षण मोहिमेने खेड्यातील प्रौढ स्त्री-पुरुषांना अक्षरओळख करून दिली. गावातील सगळे प्रौढ साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई.

शहरांत आणि तालुक्याच्या गावांत ‘सतरा नंबरचा फॉर्म’ हा शब्दप्रयोग रुळला. शाळेत न जाता खाजगी विद्यार्थी म्हणून शालान्त परीक्षेला बसण्यासाठी तो भरावा लागतो. लग्नामुळे दहावी राहिलेल्या असंख्य स्त्रियांनी, मुले शाळेत जाऊ लागल्यावर, या वाटेने परीक्षा दिली. पदवीसाठी बहिःस्थ विद्यार्थी म्हणून नाव नोंदवण्याची सोय होती. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले, आणि अभ्यासाचे साहित्य टपालाने घरी येऊ लागले.

या सर्व प्रयत्नांना एकत्रित रूप मिळाले ते १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळे. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू, आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे बोधवाक्य. विद्यापीठाने स्वतः वाचून समजतील अशी मराठी पुस्तके तयार केली आणि राज्यभर अभ्यासकेंद्रे उघडली. शिकणाऱ्याला रोज वर्गात यावे लागू नये म्हणून मोजकी संपर्कसत्रे ठेवली. बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम होता. तो पूर्ण केल्यावर बी.ए.ला प्रवेश मिळे. सातवी-आठवीत शाळा सुटलेल्या, दोन मुलांची आई असलेल्या स्त्रीला पदवीपर्यंत जाण्याचा हा पहिला प्रशस्त रस्ता होता. शिक्षणाने शिकणाऱ्याच्या घरी जावे ही कल्पना आता एखाद्या संस्थेच्या उदारपणापुरती राहिली नाही, राज्याच्या धोरणाचा भाग झाली.

टंकलेखन, डीटीपी आणि संगणकाचा पहिला धडा

पदवीबरोबरच हातात कौशल्य हवे, ही गरज टंकलेखनाच्या वर्गांनी भागवली. तासाभराची बॅच, मासिक फी, आणि शेवटी मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांची शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षा, अशी त्यांची साधी रचना होती. मराठी आणि इंग्रजी दोन्ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्या स्त्रीला कचेरीत नोकरीची शक्यता असे. एका तासात येऊन-जाऊन होणारे म्हणून गृहिणींनाही हे शिक्षण परवडत असे.

पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था स्थापन झाली, आणि भारतीय लिप्या संगणकावर आणण्याच्या कामाने वेग घेतला. सी-डॅकचे जिस्ट तंत्रज्ञान आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’ यांमुळे मराठी मजकूर संगणकावर जुळवता येऊ लागला. छापखान्यातली खिळ्यांची जुळणी मागे पडली आणि डीटीपी हा नवा व्यवसाय आला. पुणे-मुंबईत घरातल्या एका कोपऱ्यात संगणक मांडून पुस्तके, दिवाळी अंक, लग्नपत्रिका यांची अक्षरजुळणी करणाऱ्या स्त्रिया या काळात दिसू लागल्या. हस्तलिखित घरी येई, तयार मजकूर फ्लॉपीवरून छापखान्यात जाई आणि मूल झोपले की पाने जुळवता येत. अडचण होती ती फॉन्टची. प्रत्येक कंपनीची सांकेतिक पद्धत वेगळी असल्याने एका फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हांत दिसे. देवनागरीसाठी युनिकोडचा वापर रुळल्यावर ही अडचण बरीच कमी झाली, आणि मराठी मजकूर आंतरजालावर कोणालाही वाचता येऊ लागला. पुढे भाषांतर, मुद्रितशोधन, उपशीर्षके अशी कामे घरबसल्या करता आली त्यामागे हा तांत्रिक बदल आहे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली, आणि त्याच्या ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रमाने राज्याला संगणक साक्षरतेचा पहिला धडा दिला. अभ्यास मराठीतही उपलब्ध होता आणि केंद्रे तालुक्याच्या गावांपर्यंत होती. अनेक शासकीय पदांसाठी हे प्रमाणपत्र आवश्यक ठरल्याने ते घेणाऱ्यांत गृहिणींची संख्या मोठी होती. सेवासदनाच्या काळाप्रमाणेच येथेही त्या दुपारच्या बॅचला येत.

ग्रामीण भागात साताऱ्याच्या माण तालुक्यातील म्हसवडचे काम वेगळे ठरले. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने स्त्रियांनी सहकारी बँक काढायचे ठरवले. अनेक प्रवर्तक स्त्रिया निरक्षर असल्याने परवान्याचा पहिला अर्ज नामंजूर झाला. तेव्हा त्या लिहा-वाचायला शिकल्या, आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. २००६ मध्ये माणदेशीने ग्रामीण स्त्रियांसाठी व्यवसायशिक्षणाची शाळा काढली. केंद्रापर्यंत येणे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी बसमध्येच वर्ग भरवून ती बस गावोगाव नेली.

मोबाइलची शाळा

२०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला, आणि ज्या घरात संगणक कधी आला नव्हता तेथेही आंतरजाल पोहोचले. ९ जुलै २०१७ रोजी केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे विनामूल्य अभ्यासक्रमांचे व्यासपीठ सुरू झाले. यूट्यूबवर शिवणाचे कटिंग, केक, टॅली, एक्सेल, चित्र आणि व्हिडिओ संपादन, इंग्रजी संभाषण असे सर्व काही मराठीत उपलब्ध झाले. रेकॉर्ड केलेला धडा मधेच थांबवता येतो, पुन्हा पाहता येतो आणि रात्री मूल झोपल्यावर पुढे नेता येतो. दुपारच्या ठरलेल्या वर्गालाही जे जमत नव्हते ते यातून साधले.

परदेशातील मराठी कुटुंबांतही या शिक्षणाला महत्त्व आले. अमेरिकेत नोकरीसाठी गेलेल्यांच्या पत्नींना एच-४ व्हिसावर कामाची परवानगी नसे. पुणे-मुंबईत नोकरी केलेल्या अनेक उच्चशिक्षित स्त्रिया तेथे मुलांना सांभाळत घरी होत्या. २६ मे २०१५ पासून त्यांच्यातील काही गटांना कामाची परवानगी मिळू लागली. खंड पडलेली कारकीर्द पुन्हा उभी करण्यासाठी सॉफ्टवेअर चाचणी आणि विदा विश्लेषण यांसारखे विषय ऑनलाइन शिकणे हा त्यांचा मुख्य मार्ग झाला. भारतात अशा स्त्रियांसाठी टाटा समूहाने २००८ मध्येच ‘सेकंड करिअर’ उपक्रम सुरू केला होता.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. शाळा मोबाइलवर भरू लागली, आणि लहान मुलाला वर्गात जोडून देणे, गृहपाठाचा फोटो पाठवणे, फाइल उघडणे ही कामे घरातील आईकडे आली. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या नॉलेज फाउंडेशनने तयार केलेली ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर दाखवली गेली. ती घर आणि परिसरातील कृतींवर आधारलेली असल्याने तिच्यात पालकांचा सहभाग गृहीत होता. शाळा पुन्हा उघडल्यानंतर २०२२ मध्ये ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान राबवले गेले. गावोगाव माता गट तयार झाले, आणि मुलांसोबत घरी करायच्या कृतींची आयडिया कार्डे व्हॉट्सअ‍ॅपवरून त्यांच्यापर्यंत पोहोचली. मुलांना शिकवता शिकवता असंख्य स्त्रिया स्वतः हे तंत्र शिकल्या.

तेच तंत्र कमाईलाही उपयोगी पडले. दिवाळीचा फराळ, मसाले, लोणची, साड्या यांची विक्री व्हॉट्सअ‍ॅप गटांतून होऊ लागली. घरगुती खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे मूलभूत नोंदणी करावी लागते. वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्यांसाठी तिचे शुल्क १०० रुपये होते, आणि तिचा अर्जही ऑनलाइन भरायचा होता. फोटो काढणे, किमतीचे पत्रक बनवणे, यूपीआयने पैसे घेणे, पार्सलचा हिशेब ठेवणे हे या स्त्रियांनी बहुधा एकमेकींना विचारून शिकून घेतले.

उरलेले अंतर

शिक्षण घरात पोहोचले तरी ते सर्व घरांत सारखे पोहोचले नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात कधी तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के होत्या, तर पुरुष ५७ टक्के. घरात एकच स्मार्टफोन असेल तर तो दिवसा नवऱ्याबरोबर बाहेर असतो, आणि संध्याकाळी मुलांच्या अभ्यासाला लागतो. वेळेचे अंतर याहून जुने आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात असल्याचे दिसले. असे काम करणाऱ्या पुरुषांचा वेळ ९७ मिनिटे होता, आणि मुळात असे काम करणारे पुरुषच कमी होते. घरी राहून मुले वाढवणारे वडील अजून अपवादानेच आढळतात. त्यामुळे या शिक्षणाचा इतिहास मुख्यतः आयांचाच राहिला आहे.

प्रमाणपत्राच्या किमतीचा प्रश्न काही अंशी सुटला आहे. मान्यताप्राप्त संस्थांच्या दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांच्या बरोबरीच्या मानल्या जातील, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. मूल सांभाळण्याचा प्रश्न मात्र कायद्याने अर्धाच हाताळला आहे. प्रसूतिलाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. ती नोकरदार स्त्रीला लागू होते. घरी राहून शिकणारी, किंवा घरूनच छोटे काम करणारी आई तिच्या कक्षेत येत नाही. २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या मिशन शक्तीअंतर्गत ‘पाळणा’ योजना आली, आणि अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद तिच्यात आहे. कोसबाडच्या विकासवाडीने जे एका आवारात करून दाखवले, ते गावोगावच्या अंगणवाडीत उभे राहिले तर लहान मुलांच्या आईला शिकण्यासाठी दिवसाचे काही सलग तास मिळू शकतील.